रात्रीचा पहारा कुणी काढला?

दत्तजयंतीच्या सप्ताहाला त्या वर्षी देवळाच्या कमानीवर दोन फलक होते. एक सप्ताहाचा. दुसरा त्याच्या दुप्पट मोठा, आणि तो दिसला की माझं डोकं फिरायचं. निळं आभाळ, हिरवा ऊस, हात जोडून हसणारे लालासाहेब, कोपऱ्यात गळ्यात वीणा घातलेले आमचे जोतीरामबुवा आणि मधोमध ठळक अक्षरं : 'समुद्रापेक्षा शुद्ध हवेचं गाव'. त्याखाली बारीक : 'बंगल्यासाठी प्लॉट. सांगली-विश्रामबाग फक्त पाऊण तास.'

देवाच्या मांडवाला प्लॉटची जाहिरात लागते याचाच खरं तर संताप यायला पाहिजे होता. पण ते समुद्राचं वाक्य बुवांच्या कीर्तनातलं होतं. कीर्तनातल्या वाक्याला मी हात जोडतो. त्यामुळं राग गिळून मांडवात टाळ वाजवत होतो.

जोतीराम माझा वर्गमित्र. पलटणीत सुभेदार होऊन परत आला आणि शेतीबरोबर कीर्तनाला लागला. लोकांसाठी तो बुवा, माझ्यासाठी जोत्या. पण एकदा गादीवर उभा राहिला की माझ्याही तोंडून बुवाच येतं. गळा असा की उन्हात तापलेल्या माणसाला माठातलं पाणी मिळावं. त्याच्या मागं टाळ धरून उभं राहायला मिळतं, एवढ्यावर मी खूश आहे. बाकी मला गावात नानासो म्हणतात आणि फारसं कुणी विचारत नाही.

त्याची लेक शिवांजली. साताऱ्याला होस्टेलवर राहून शिकली, मग पुण्याला गेली. तिचं काम हवा मोजायचं. हवा म्हणजे सगळी हवा नव्हे. त्यातला कार्बन डायऑक्साइड, आपण ज्याला कर्बवायू म्हणतो, तो. देवळामागच्या देवस्थानाच्या उसात तिनं लोखंडी खांब रोवला, त्यावर पेटी बसवली, पेटीतनं एक नळी उसाच्या शेंड्यात सोडली. पेटीतला छोटा पंप नळीतनं हवा ओढतो आणि काचेवर आकडा उमटतो. शेतीची लाईट पाळीनं येते, देवळाची चोवीस तास असते, म्हणून वायर देवळातनं घेतली. बॅटरी होती, पण ती तासाभराची सोबत.

हे सगळं लावून ती गोव्याला गेली आणि तिथनं जहाजानं समुद्रावर. तिथंही तेच मोजायचं होतं. जमिनीवरच्या हवेत आणि समुद्रावरच्या हवेत हा वायू कसा वेगळा वागतो, एवढाच तिचा प्रश्न. जायच्या आदल्या दिवशी बापलेक पारावर बसले होते, मीही होतो. ती सांगत होती की उजेड असला की ऊस हा वायू पितो, अंधार पडला की ऊसही सोडतो आणि मातीही सोडते. त्यामुळं जमिनीवरचा आकडा दिवसरात्र वरखाली होतो. समुद्रावर ना ऊस ना झाड. पाणी हा वायू घेतं आणि सोडतंही, पण अगदी सावकाश, त्यामुळं तिथला आकडा हलतच नाही म्हटलं तरी चालेल.

जोत्यानं एवढं ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. पुढच्याच एकादशीला कीर्तनात म्हणाला, जमीन श्वास घेते आणि समुद्र समाधीत बसतो. काय सांगू, माझ्या हातातले टाळ थांबले होते. बायाबापड्या डोळे पुसत होत्या.

तिथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण लालासाहेब त्या कीर्तनाला होते. हे गृहस्थ साताऱ्याकडं डोंगराच्या पायथ्याला प्लॉट विकून इकडं सरकलेले. कीर्तन संपल्यावर पाया पडले आणि विचारलं, मग बुवा, हा वायू कमी कुठं, आपल्याकडं का समुद्रात? सिद्धूला पाठवून काचेवरचा आकडा मागवला. दुपारची वेळ होती. तीनशे ऐंशी आणि वर काहीतरी. शिवांजलीनं जहाज किनाऱ्याजवळ आल्यावर बापाला फोनवर सांगितलेलं होतंच : आण्णा, हितं सकाळी बघा, रात्री बघा, चारशे पंचवीसच्या आगंमागं, हलायचं नावच न्हाई. झालं. कमी कुठं आणि जास्त कुठं, शाळकरी पोरालाही कळेल. पुढच्या कीर्तनात बुवांनी गादीवरून सांगितलं की आपल्या काळ्या आईची हवा समुद्रापेक्षा शुद्ध. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लालासाहेबांनी फलक छापला.

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी दुपारी शिवांजली गोव्याहून आली. अंगावर जहाजाचा वास, नाकाचा शेंडा सोललेला. कमानीखाली उभी राहून तिनं फलक वाचला, परत वाचला, आणि मला विचारलं, "नानाकाका, हे कुणी लिवलं?"

मी म्हणालो, लिहिलंय लालासाहेबांनी, बोललेत तुझे आण्णा.

ती आत वळली. देवाला गेली, वीणेकऱ्याच्या पाया पडली आणि मागं उसात जाऊन पेटीपाशी काहीबाही करत बसली. सांजच्या भजनाची वेळ झाली. मी तिला हाक मारायला गेलो तेवढ्यात सिद्धू आला. सिद्धू म्हणजे आमचा स्पीकरवाला. नेहमीसारखा गाणं गुणगुणत आला, तिला म्हणाला, "रामकृष्णहरी ताई, कवा आला?" आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांदेखत भिंतीवरच्या खोक्यातनं यंत्राची पिन उपटून तिथं ॲम्प्लिफायरची घातली.

शिवांजलीनं विचारलं, हे काय केलंस.

"रोजचंच की," सिद्धू म्हणाला. "तुमचा पंप चालू असला की स्पीकरमदी घूं घूं येतंय. बुवांनीच सांगितलंय, भजनाला बसायच्या आदी काढायचं आन सकाळी काकडआरती झाली, ऊन पडलं, की घालायचं. एक दिस चुकलो न्हाई मी."

त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि तोच तिला जास्त लागला असावा. तिनं वायर पेटीतनं सोडवून पिनेसकट हातात घेतली आणि मांडवात येऊन खांबाला टेकून उभी राहिली. भजन चालू होतं म्हणून उभी राहिली, एवढं तिच्यावर संस्कार आहेत. पण मी तिच्याकडं बघत टाळ वाजवत होतो आणि माझी लय सुटत होती. कोरेगावहून आलेल्या मृदंगवाल्यानं माझ्याकडं बघून दोनदा डोळे वटारले.

भजन संपलं. आरती झाली. बुवा प्रसाद घेऊन पारावर येऊन बसले, लेकीला बघून त्यांनी सरकून जागा केली. तिनं पिन त्यांच्यासमोर धरली.

"आण्णा, दोन महिनं रोज रातचं हे बंद हुतं?"

जोत्या हसला. म्हणाला की देवाच्या कामात ती घरघर बरी दिसत नव्हती. पंपाची हवा आपल्या अभंगात यायला लागली होती गं. आणि रातच्याला काय मोजायचं असतं? ऊस झोपतो, माणसं झोपतात, हवा काय चालत कराडला जाते? तीच हवा असती की.

असंच बोलला. मलाही ते तेव्हा पटलं होतं, हे खोटं कशाला सांगू. पण शिवांजलीचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. ती एकेक शब्द दातांतनं सोडत बोलत होती. म्हणाली की मी तुम्हाला ह्याच पारावर सांगून गेले होते, दिवसरात्र वरखाली होतो म्हणून. समुद्र आणि जमीन यातला सगळा फरक रात्रीत आहे. तुम्ही रात्रच कापून टाकली. उरला दिवस. आणि त्या उरलेल्या दिवसाशी समुद्राची तुलना करून गावभर फलक लावला.

"आकडा कमी न्हवता व्हय?" जोत्या म्हणाला. "यंत्र तुझं, आकडा तुझ्या यंत्राचा. मी काय पदरचं घातलं?"

तिनं मांडवाकडं बोट केलं. वीणेकरी उभा होता, तार छेडत. सप्ताह चालू असताना वीणा खाली ठेवत नाहीत. एक माणूस थकला की दुसऱ्याला आलिंगन देऊन गळ्यात घालायची. रात्र असो, दिवस असो. त्याला पहारा म्हणतात. पलटणीत असल्यापासून सवय म्हणून मध्यरात्रीनंतरचा पहारा जोत्याच घेतो, त्या वेळेला उभं राहायला दुसरं कुणी राजी नसतं.

"ती तार ऐका," ती म्हणाली. "एकच सूर. तो समुद्र. आता तुमचा गळा. वर जातोय, खाली येतोय. ती जमीन. एखाद्यानं तुमी खाली उतरला तेवढंच ऐकलं आन गावभर सांगितलं की बुवांचा सूर वीणेच्या खालीच लागतोय, तर तुमी त्याला काय म्हणशीला?"

जोत्याला सुरावरनं बोललेलं सहन होत नाही. तो उठून उभा राहिला. लेकीनं बापाला गाणं शिकवायचं दिवस आले म्हणाला, समुद्रावर जाऊन खारी झालीस म्हणाला. रंगूबाई, म्हणजे जोत्याची बायको, भाकरीची पाटी घेऊन मधे येऊन उभी राहिली. "एक मशीनसाठी भांडतंय, एक स्पीकरसाठी. भाकरी गार व्हतीया, तिच्यासाठी कोण भांडतंय?"

हसलं कुणी नाही. शिवांजली न जेवता माझ्याकडं आली. आमचं घर देवळाच्या पाठीला लागून आहे. म्हणाली, काका, तुमची लाईट द्या. मी खिडकीतनं वायर सोडली आणि त्या रात्री यंत्र आमच्या घरच्या विजेवर चाललं.

सकाळी काकडआरती झाली. अजून उजाडायचं होतं, उसावर धुक्याची चादर होती, वारा नावाला नव्हता. शिवांजलीनं बापाला हाताला धरून आणलं असं म्हणणार होतो, पण तसं नव्हतं. ती पुढं चालत होती आणि तो घशात खाकरत मागनं. मी आणि सिद्धू त्यांच्यामागं.

काचेवर आकडा होता पाचशे चाळीस.

जोत्यानं चष्मा पुसला. मग म्हणाला, बिघडलंय.

"बिघडलं न्हाई," ती म्हणाली. "रातभर उसानं सोडलं, मातीनं सोडलं, वारा न्हाई म्हणून हितंच साचलं. थांबा आता. सूर्य उगवंल तसा उतरंल. चोवीस तास धरले तर आपली जमीन समुद्राच्या खाली न्हाई, वरच भरंल. थांबता का?"

थांबला. हे मात्र खरं, तो थांबला. हात मागं बांधून, पाय जुळवून, पेटीसमोर. चहा आला, तो त्यानं उभ्यानं घेतला. ऊन उसाच्या शेंड्यांवर आलं, धुकं फाटलं, आणि तो आकडा खरोखर आमच्यासमोर उतरायला लागला. पाचशे झाला. साडेचारशे झाला. एखाद्याची तान उतरत समेकडं यावी तसा. नऊ वाजायच्या सुमाराला तो समुद्राच्या आकड्याशी आला आणि तिथंही न थांबता खाली निघाला.

नेमकी तेव्हाच लालासाहेबांची बस आली. विश्रामबागेतली बरीच मंडळी, बहुतेक निवृत्त झालेली, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. लालासाहेब त्यांना थेट यंत्राकडं घेऊन आले. बघा, विज्ञान आणि अध्यात्म एका जागी, असं काहीतरी बोलत होते. काचेवर चारशे दहा होते. लोकांनी मोबाईल काढून फोटो घेतले. सिद्धूसुद्धा फोटोत गेला.

त्यांच्यात एक शकुंतलाबाई होत्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. बारीक अंगाच्या, पर्समध्ये श्वासाचा पंप. यजमान हरिभाऊ त्यांची कोपर धरून होते. बाई बुवांच्या पाया पडल्या. म्हणाल्या, तुमची कीर्तनं मी मोबाईलवर ऐकते, झोप येत नाही तेव्हा. मग त्यांनी विचारलं, "बुवा, इथं रात्रीही असाच आकडा असतो ना? मला रात्रीच फार त्रास होतो हो. तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही राहता फ्लॅट विकायचं ठरवलंय."

जोत्यानं लेकीकडं बघितलं. लेकीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती शकुंतलाबाईंशी बोलायला लागली, एकदम मऊ आवाजात. तो आवाज ऐकून मला वाटलं, हिचा राग किती जपून ठेवलेला आहे. तिनं सांगितलं की काकू, रात्री हा आकडा चढतो, पण त्याची तुम्ही भीती बाळगू नका, एवढ्यानं श्वास अडत नाही. आणि दुपारी उतरतो म्हणून हवा शुद्ध झाली असंही नाही. ह्या आकड्याचा तुमच्या दम्याशी संबंधच नाही. तुम्हाला बाधतो तो धूर, आणि धुराचं यंत्र मी इथं लावलेलंच नाही. तोडणी सुरू झाली की उसाचं पाचट पेटवतात, पलीकडं दोन गुऱ्हाळं आहेत. थंडीत धूर खाली बसतो.

लालासाहेब मधे पडले. ताई फार अभ्यासू आहेत, म्हणाले, पण बुवांनी गादीवरून सांगितलंय आणि गादीवरून खोटं निघत नाही. चला, काल्याच्या कीर्तनाला बसू, बुवा तिथं स्वतःच सांगतील.

असं म्हणून त्यांनी जोत्याच्या खांद्यावर हात ठेवला. जोत्यानं तो झटकला नाही. मला त्या क्षणी जोत्याचा इतका राग आला की आयुष्यात कधी आला नव्हता. पाचशे चाळीस ह्याच डोळ्यांनी बघितलेला माणूस, आणि झटकला नाही.

काल्याचं कीर्तन सुरू झालं. मांडव भरलेला. बसची मंडळी पुढच्या खुर्च्यांवर. शिवांजली बायकांच्या बाजूला, आईशेजारी, मांडी घालून. बुवांचा आवाज त्या दिवशी लागला होता, पण मन त्यात नव्हतं. मागं टाळ धरणाऱ्याला ते पाठीवरनं कळतं. ते समुद्राकडं जातच नव्हते. गोकुळात गेले, गोपाळांच्या शिदोऱ्या सोडल्या, ताक सांडलं, पेंद्याची गंमत सांगितली. माणसं हसत होती. मला वाटलं टाळून नेतोय, बरं झालं. मग वाटलं, बरं कसलं? त्या बाईंचं घर विकलं जाणार आहे.

तेवढ्यात लालासाहेब खुर्चीवरून उठले. कीर्तनात मधे उठून बोलू नये, एवढं आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हे हातात शाल घेऊन उठले आणि म्हणाले, बुवा, पाहुण्यांसाठी ते समुद्राचं होऊन जाऊ द्या.

मृदंग थांबला. बुवांनी घाम पुसला. म्हणाले, "आता, आमची लेक म्हणती की रात्रीचं जरा वेगळं असतंय. असंल. यंत्राचं यंत्रापाशी. आपल्याला काय, ज्याची त्याची श्रद्धा हाय, मंडळी, आन काळ्या आईवर आपली श्रद्धा..."

शिवांजली उठून उभी राहिली.

सगळा मांडव तिच्याकडं वळला. रंगूबाईनं तिचा पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला. माईक नव्हता तरी आवाज शेवटच्या चटईपर्यंत गेला.

"आण्णा, ह्या सात दिवसांत वीणा किती येळा खाली ठिवली?"

बुवांनी वीणेकडं बघितलं.

"सांगा की."

"एकदाबी न्हाई."

"रातचा पहारा कुणाचा हुता?"

"माझा."

"मग माझ्या यंत्राचा रातचा पहारा कुणी काढला? श्रद्धेनं काढला?"

बुवांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा रंगच गेला. मला वाटलं, हा आता तिला बाहेर काढणार. पलटणीतला राग त्याच्या अंगात आहे, मी बघितलाय. तो दोन पावलं पुढं आला आणि म्हणाला, "उभी राहिलीयास तर हितं ये. बसल्या जागचं बोललेलं भांडण असतंय. गादीवर येऊन बोल. ये. ही वीणा घाल गळ्यात आन बोल."

आमच्या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेलेली नाही. लोकांत कुजबुज उठली. मागं कुणीतरी 'व्हय व्हय, येऊ द्या' म्हणालं, कुणी नाक मुरडलं असेल. वीणेकऱ्यानं वीणा अर्धी उतरवलीसुद्धा.

"मी न्हाई येणार," शिवांजली म्हणाली. "मला मान नगं. अर्धं तुमी तिथनं बोललाय. पुरं बी तुमीच तिथनं बोलायचं."

आणि ती खाली बसली.

मी देवाला हात जोडून सांगतो, मला तेव्हा तिचाही राग आला. बापानं गादी देऊ केली, वीणा देऊ केली, आणखी काय करायचं माणसानं? मग डोक्यात प्रकाश पडला. ती बोलली असती तर ते लेकीचं बोलणं झालं असतं. बुवा म्हणाले असते, पोरीनं सांगितलं, मी मोठ्या मनानं सांगू दिलं. टाळ्या पडल्या असत्या. फलक तसाच राहिला असता.

जोत्या दोन पावलं मागं सरून गादीवर उभा राहिला. मग त्यानं हातानं मृदंगाला, बाजाच्या पेटीला, आम्हा टाळकऱ्यांना खूण केली : बंद. फक्त वीणेची तार चालू राहिली. आणि तो बोलला, कीर्तनाच्या चालीत नाही, साध्या आवाजात, जरा घोगऱ्या.

"मंडळी, त्यो बाहेर बोर्ड हाय, त्यावर लिवलंय ते मी हितनं बोललो. ते अर्धं हाय. पलटणीत संतरी पोस्टवर झोपला तर त्याला शिक्षा असती. मी झोपलो न्हाई. मी रातचा संतरी पोस्टवरनं उतरिवला आन सकाळी रिपोर्ट दिला : रातभर कुणी आलं न्हाई, सब ठीक." तो थांबला. "आज पाटं मी डोळ्यांनी बघितलं. समुद्र ह्या तारेसारखा हाय, एका सुरात. आपली जमीन दिवसा त्याच्या खाली जाती आन रातच्याला त्याच्या लय वर. शुद्ध-अशुद्ध ह्यातलं काय बी त्यो आकडा सांगत न्हाई. ते माझ्या तोंडानं घातलं. बाई, तुमी घर इकू नगा. निदान माझ्या शब्दावर इकू नगा."

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हरिभाऊ लालासाहेबांकडं वळून काहीतरी विचारायला लागले, आणि मागच्या खुर्च्यांवरचेही दोघंतिघं उठले.

लालासाहेब शाल घडी घालत म्हणाले, बुवा, ठरलं होतं तसं बोला, पाहुणे आलेत.

तेव्हा मात्र जोत्या फुटला. कीर्तनात इतका आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. देवाच्या कमानीवर माझा फोटो लावून जमीन विकता, म्हणाला, आणि मला विचारलंत तेव्हा मीही शेफारलो, म्हणून तुमच्याआधी दोन थोतरीत मलाच पाहिजेत. सिद्ध्या, ऊठ, म्हणाला, तो बोर्ड उतरव आधी, काला नंतर फुटंल. सिद्धू पक्कड घेऊन पळाला. दहीहंडी तशीच लोंबकळत, गोपाळ झालेली पोरं तशीच उभी, आणि सगळा मांडव कमानीवरच्या तारा तुटायचा आवाज ऐकत बसलेला. असा काला मी पाहिला नव्हता. फलक पडला तो नेमका लालासाहेबांच्या चेहऱ्याच्या बाजूनं चिखलात. मला आनंद झाला. देव माफ करो, फार आनंद झाला.

मग काला झाला. दही लाह्या वाटल्या. रीत अशी की कीर्तन संपलं की जो गादीवर असेल त्याच्या पाया सगळ्यांनी पडायचं, वय बघायचं नाही, नातं बघायचं नाही. रांग लागली. बसमधली मंडळी पडली, शकुंतलाबाई पडल्या, मी पडलो. शिवांजली आली नाही. जोत्या रांग संपल्यावरही तसाच उभा होता, बायकांच्या बाजूला बघत. ती मागं उसात होती. यंत्राची पिन देवळाच्या खोक्यात परत घालत होती.

दोन दिवसांनी ती पुण्याला गेली. जाताना बापाशी बोलली नाही. मला म्हणाली, काका, दोन महिन्यांच्या रात्री गेल्या, त्या परत मोजता येत नाहीत. तशी हवा परत येत नाही. बाप चुकीची कबुली देतो म्हणून लेकीच्या रात्री भरून येत नाहीत, हेही खरंच.

ती होती तोवर भजन स्पीकरशिवायच झालं; ती गेली त्या दिवशी सांजच्या भजनाला सिद्धू आला तो पिनेकडं हात नेऊन थांबला. बुवांकडं बघितलं. बुवा म्हणाले, हात लावलास तर तोडीन. ॲम्प्लिफायरला दुसरीकडनं वायर आण. सिद्धूनं आणली. तरी घूं घूं यायचं ते आलंच. पंप भिंतीपलीकडंच आहे, जाईल कुठं. पेटीवाल्यानं वैतागून मान हलवली.

जोत्यानं डोळे मिटून ते ऐकलं. एकदा, परत एकदा. मग पेटीवाल्याला म्हणाला, "तुझी पट्टी सोड. त्यो कुठल्या सुरात हाय बघ."

पेटीवाला शोधत बसला. काळी दोनच्या जरा वर, कुठल्याच पट्टीत धड न बसणारा सूर निघाला. जोत्यानं वीणेची तार पिळून त्या घरघरीला मिळवली, आणि अजूनही रागावलेल्या चेहऱ्यानं, दातओठ खात, त्या सुरात भजन उचललं. त्याच्या गळ्याला तो सूर चढा पडत होता. आम्ही सगळे मागं ओढत ताणत म्हणत होतो.

मध्येच त्याच्या खिशातला फोन वाजला. भजनात फोन घेत नाही तो. त्या दिवशी घेतला. पलीकडनं लेक एवढंच विचारत होती, चालू हाय का?

त्यानं फोन पंपाच्या बाजूच्या भिंतीला लावून धरला.